९.९ ची आउटबोर्ड, येलदरीचं पाणी आणि गिअर ऑइलचा वॉशर: पहिल्या हंगामानंतरचा अनुभव

बोटीच्या मागच्या फळीला लावायच्या मोटारीचा, म्हणजे आउटबोर्डचा, शंभर तासांच्या सर्व्हिसला गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू उघडला आणि गिअर ऑइल ताकासारखं पांढरं बाहेर आलं. म्हणजे गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय. वॉरंटीत असलेल्या मोटारीचं हे दुखणं घेऊन डीलरला फोन केला, तर "जाळ्याचा धागा पंख्यात गेला असणार, हे वॉरंटीत बसत नाही," असं मोटार न बघताच उत्तर मिळालं. हे सगळं लिहायला बसलोय ते त्या उत्तरामुळे.

मोटार ९.९ हॉर्सपॉवरची, चार स्ट्रोक, कार्बोरेटरची, दोरी ओढून स्टार्ट होणारी, शॉर्ट शाफ्ट (१५ इंची). बोट फायबरची, सपाट बुडाची, १६ फुटी. काम मासेमारीचं: जाळी टाकणं, काढणं, आणि कटला-रोहूचे क्रेट बर्फासकट काठाला आणणं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या वस्तूबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ती, म्हणजे गिअर ऑइलच्या स्क्रूखालचा वॉशर, छोट्या आउटबोर्डमध्ये कंपनी कुठलीही असो, असतेच.

आधी बसवण्याबद्दल. १५ इंची शाफ्टला बोटीची मागची फळी १५ इंचांच्या आसपासच लागते. फळीच्या वरच्या कडेपासून बुडापर्यंत सरळ उभं माप घ्यायचं, फळीच्या तिरक्या उतारावरून नाही. आमची बोट बनवणाऱ्याने फळी साडेसोळा इंच ठेवली होती. त्यामुळे पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या बुडाच्या वर राहायची. ही प्लेट बुडाच्या पातळीला किंवा त्याखाली इंचभरापर्यंत असावी लागते. ती वर राहिली की वळण घेताना पंखा वरून हवा ओढतो, मोटार एकदम किंचाळते आणि बोट मात्र जागची हलत नाही. फळीला मधोमध खाच पाडून, उघड्या पडलेल्या लाकडावर रेझिनचे हात मारून हे काम मिटलं. दोन्ही क्लॅम्प हाताने गच्च आवळा, दर वेळी निघण्याआधी तपासा, आणि मोटारीला वेगळी साखळी बांधा. क्लॅम्प धक्क्यांनी सैल होतात, आणि येलदरी धरणाच्या खोल पाण्यात गेलेली मोटार कोणी वर काढून देत नाही.

आणायच्या वेळची एक गोष्ट. चार स्ट्रोक मोटार टेम्पोत कुठल्याही कुशीवर आडवी टाकायची नसते. कुठली बाजू खाली चालते ते मॅन्युअलमध्ये चित्र काढून दाखवलेलं असतं. उलट्या कुशीवर आली तर ऑइल सिलेंडरमध्ये उतरतं.

मग मोटार रुळवणं. रुळवण्याचे १० तास. पहिला तास अगदी हळू, इंजिनाच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास. दुसऱ्या तासाला अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे थोडं, ३,००० पर्यंत, मधूनमधून मिनिटभर जोर देऊन पुन्हा खाली. उरलेले आठ तास नेहमीचं काम करायचं, पण पूर्ण थ्रॉटल एका दमात पाच मिनिटांहून जास्त नाही. आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, पद्धत हीच. यात लोक फक्त "हळू चालवा" एवढंच लक्षात ठेवतात, आणि तिथेच काम बिघडतं. एकाच वेगाने तासन्‌तास हळू चालवली तर पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला नीट घासून बसत नाहीत. वेग वरखाली करत राहणं हाच रुळवण्याचा गाभा आहे. त्यासाठी आम्ही क्रेट न भरता, धरणाच्या भिंतीपासून लांब मोकळ्या पाण्यात फेऱ्या मारल्या.

या मोटारीला तासमीटर नाही. ट्रॅक्टरला असतं, इथे नाही, त्यामुळे तास वहीत लिहावे लागतात. पहिली सर्व्हिस २० तासांना. ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस ५० तासांना करायची सवय असलेल्याला हे फार लवकर वाटतं, पण ती टाळू नका. नव्या गिअरचं आणि रिंगांचं झिजलेलं लोखंड आपापल्या ऑइलमध्ये फिरत असतं. आमच्या मोटारीच्या गिअरबॉक्सच्या ड्रेन (तेल काढायच्या) स्क्रूच्या टोकाला चुंबक आहे, त्यावर पहिल्या वेळी काळसर, बोटाला लागेल अशी बारीक पेस्ट निघाली. ती निघणारच. तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर काळजी करायची.

पंख्याचंही थोडं. मोकळी बोट छान पळायची, पण बर्फ आणि मासळी भरली की पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या ४,७०० च्या पुढे जाईनात. मोटारीला तिथे ५,००० ते ६,००० हव्यात. त्यापेक्षा कमी फेऱ्यांवर ओढत राहिलं की इंजिनावर ताण येतो. पंख्याची पिच (एका फेरीत तो पाण्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) इंचाने कमी केली की साधारण २०० फेऱ्या वाढतात. एक इंच कमीचा पंखा घेतला, फेऱ्या पाच हजारांच्या जवळ आल्या आणि काम बरंचसं जमलं. फेऱ्या मोजायला प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या.

इथपर्यंत मोटारीवर मी खूश नव्हतो, हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आधी जुनी दोन स्ट्रोक होती. ती हलकी, उघडायला सोपी, आणि बाजारातला कुठलाही मोटारसायकलवाला तिला हात लावायचा. तिला नवी असताना २५:१ मिश्रण, म्हणजे लिटरला ४० मिली ऑइल, आणि रुळल्यावर ५०:१, म्हणजे २० मिली, एवढाच हिशोब होता. नव्या मोटारीचं वजन दोघांनी उचलावं लागतं, ऑइल दोन जागी, फिल्टर वेगळा, सर्व्हिसचा माणूस पुण्याकडून बोलवायचा. पहिल्या दोन महिन्यांत कोणी विचारलं असतं तर "दोन स्ट्रोकच बरी होती" असंच म्हणालो असतो.

ते मत पेट्रोलने बदललं. त्याच जाळ्यांना, त्याच काठापासून, तेवढ्याच फेरीला नवी मोटार जवळपास निम्म्या पेट्रोलमध्ये जाऊन येते. आणि पहाटे हळू चालवताना दोघं जण बोलू शकतो, जुन्या मोटारीवर ओरडावं लागायचं. मागच्या बाजूला तेलाचा तवंगही दिसत नाही, आणि हेच पाणी खाली वसमत-परभणीकडे जातं म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. आता पुन्हा दोन स्ट्रोक घेणार नाही.

तर वॉशर.

गिअरबॉक्सला दोन स्क्रू असतात. खालचा ड्रेनचा, वरचा लेव्हलचा. दोन्हीखाली एकेक छोटा वॉशर असतो. तो स्क्रूच्या कडेखाली दबून पाणी अडवतो. एकदा दबला की त्याचा आकार कायमचा बसतो, म्हणून स्क्रू उघडला की वॉशर नवा टाकायचा, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. किंमत एकाची पन्नास रुपयांच्या आत.

२० तासांची सर्व्हिस डीलरच्या माणसाने आमच्या काठावर येऊन केली. येण्याजाण्याचा खर्च आम्ही दिला. त्याचं बिल माझ्याकडे आहे. त्यात इंजिन ऑइल आहे, गिअर ऑइल आहे, मजुरी आहे, प्रवास आहे. वॉशर नाही. म्हणजे जुनेच परत लावले. वॉशर जुना असेल तर एका दिवसात पाणी शिरतं असं होत नाही, म्हणून लगेच कळत नाही. मोटार चालताना गिअरबॉक्स गरम होतो, बंद केल्यावर थंड पाण्यात आकसतो आणि आत ओढ तयार होते. वॉशर दबलेला असेल तर त्या ओढीने दर वेळी थेंब-थेंब पाणी आत जातं. तेलात मिसळतं, पांढरं होतं. तसंच चालवत राहिलं की बेअरिंग गंजतात, गिअरच्या दातांवर खड्डे पडतात, आणि मग खालचा अख्खा भाग बदलावा लागतो. त्या भागाचा भाव मी विचारला. मोटारीच्या किमतीचा तो मोठा हिस्सा आहे.

डीलरने जाळ्याच्या धाग्याचं जे म्हटलं ते खोटं कारण नाही, हेही सांगतो. जाळ्याचा किंवा गळाचा नायलॉन धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला की आत सरकत सरकत ऑइल सील कापतो. आमच्या पाण्यात जुनी तुटकी जाळी भरपूर तरंगतात, त्यामुळे मी आधी तेच गृहीत धरलं. कॉटर पिन काढली, नट काढला, पंखा काढला, आतला जाड वॉशरही काढला. शाफ्ट स्वच्छ. एक धागा नाही. सीलच्या कडेला तेलाचा ओघळसुद्धा नाही.

मग हवा भरून बघितली. जिंतूरच्या लेथवाल्याने त्याच आट्याच्या बोल्टला आरपार भोक पाडून त्यावर ट्यूबचा वॉल्व्ह झाळून दिला. तेल पूर्ण काढलं, खालचा स्क्रू जुन्या वॉशरसकट पुन्हा आवळला, वरच्या भोकात हा बोल्ट लावला, आणि गिअरबॉक्स पाण्याच्या टबात बुडवला. सायकलच्या पंपाने १० पीएसआय हवा भरली. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर जाऊ नका, जास्त दाबाने चांगलं सीलही उलटतं. चुलत भाऊ टबावर वाकून बघत होता. "दादा, बुडबुडे खालच्या स्क्रूतून यायलेत. पंख्याकडून काहीच नाही." मी पुन्हा पुसून बघितलं. स्क्रूच्या कडेने एका जागेवरून, एकामागून एक, बारीक बुडबुडे निघत होते. स्क्रू काढला. वॉशरवर स्क्रूच्या कडेचा गोल चर उमटलेला, एकावर एक सरकलेले असे दोन चर, आणि त्या जागी एक बारीक चीर. दोनदा आवळल्याची खूण इतकी स्पष्ट होती की फोटोतही दिसते.

नवे वॉशर टाकले, पुन्हा हवा भरली, काटा हलला नाही, बुडबुडा नाही. फोटो, व्हिडिओ आणि जुन्या बिलाची प्रत डीलरला पाठवली.

"साहेब, वॉशर तर एवढीशी वस्तू आहे."

"एवढीशी आहे म्हणूनच टाकायला काय अडचण होती?" असं मी विचारलं. त्यावर "आमच्याकडे त्या वेळी स्टॉकमध्ये नव्हते" हे उत्तर आलं. मला याचाच राग आहे. गिअर ऑइलचे डबे स्टॉकमध्ये ठेवणाऱ्याकडे त्याच कामाला लागणारे वॉशर नसतात, आणि नसताना सर्व्हिस थांबवण्याऐवजी जुने वॉशर लावून बिल केलं जातं. आमच्यासारख्या, ज्यांच्या आसपास मेकॅनिक नाही आणि बोलवायचा तर रात्रभराचा प्रवास, त्यांना हे परवडत नाही.

तेल आता मीच भरतो. खालच्या भोकातून ट्यूब दाबत वर भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसकट लावायचा. वरून हवा बंद झाली की खालचं तेल पटकन गळत नाही, मग ट्यूब काढून खालचा स्क्रू लावायचा. वरून भरलं तर आत हवा अडकते आणि तेल कमी बसतं. धुतलेल्या गिअरबॉक्सचं पहिलं तेल थोड्या तासांनी पुन्हा काढून बघितलं, स्वच्छ होतं. आत खड्डे पडायच्या आधी सापडलं, असं धरून चाललोय.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून सतत पडते की नाही, यावर नजर ठेवा. उन्हाळ्यात येलदरी खाली गेली की काठाला गाळ आणि बुडालेल्या बाभळीची खोडं उघडी पडतात, गाळाने पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) लवकर झिजतो. मोटार कोरडी कधीच सुरू करू नका, अगदी काही सेकंदही नाही. घरी तपासायची तर २०० लिटरच्या ड्रममध्ये आडव्या प्लेटच्या वर पाणी घेऊन. पावसाळ्यात वरच्या खडकपूर्णा धरणातून पाणी सोडलं की लाकडं वाहत येतात, तेव्हा हळू चालवा आणि किल-स्विचची (ओढली की मोटार बंद करणारी) दोरी मनगटाला अडकवा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि बहुतेक छोट्या आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे ठेवू नका, आणि मोटार महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा.

मोटारीला पाचपैकी चार देतो, सर्व्हिसला एक. विकत घेताना ऑइलच्या डब्यासोबत गिअर स्क्रूचे वॉशर मागून घ्या, पार्ट नंबर मॅन्युअलच्या आकृतीतून काढून. आणि सर्व्हिसच्या बिलात त्यांची वेगळी ओळ आहे का ते मेकॅनिक काठावर असतानाच वाचा. नसेल तर स्क्रू पुन्हा उघडायला लावा. मी आता पाकीटभर आणून ठेवलेत, मासेमारी संस्थेतल्या इतर बोटींनाही त्यातले दिले.

पहिल्या सर्व्हिसची मजुरी आणि पांढऱ्या झालेल्या तेलाचे पैसे परत मागितले आहेत, लेखी, बिलाची प्रत जोडून. अजून उत्तर नाही. आलं की कळवीन.