नॅटचं १:७२ किट घेतलं आणि त्याचं चिलट केलं

आधीच सांगतो, किट घ्या, म्हणजे नॅट ह्या छोट्या जेट विमानाचं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल, खऱ्याच्या ७२ पट लहान. साडेबाराशे रुपयांत सहा आठवडे मन रमलं माझं, रोज रात्री जेवण झालं की दीड-दोन तास. पण दोन-तीन गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर माझी पहिली कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

किट आहे फॉलंड नॅटचं, दोन सीटवाली ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान. सदाशिव पेठेत गल्लीत आत एक छोटं हॉबीचं दुकान आहे तिथून घेतलं. मला खरं तर आपल्या हवाई दलाचं नॅट करायचं होतं, १९६५ च्या लढाईत पाकिस्तानची सेबर विमानं पाडून सेबर स्लेयर नाव मिळवलेलं, १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्यात बसून लढले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले ते. पण ते एक सीटचं होतं आणि ह्या बॉक्समधे ब्रिटिश ट्रेनर, बरोबर रेड ॲरोज ह्या ब्रिटिश हवाई कसरतींच्या टीमची डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रं. दोन सीटच्या विमानावर आपले तिरंगी गोल चिकटवून हे सेखोंचं म्हणायचं, मला नाही पटलं ते. बॉक्स परत ठेवत होतो तर दुकानातले काका म्हणाले, "अहो, मग त्याच्या नावाचं करा की. नॅट म्हणजे चिलटच ना?"

बस, तिथेच ठरलं.

आणि नाव उगाच ठेवलेलं नाही हो. लढाऊ विमानं फार मोठी, जड आणि महाग होत चालली होती म्हणून डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर ह्या डिझायनरने मुद्दाम एवढंसं विमान काढलं, १९५४ ला आधी मिज उडालं, म्हणजे तेही एक चिलटच, आणि १९५५ ला नॅट. आम्ही टिंगरेनगरला राहतो, लोहगावची सुखोई डोक्यावरून गेली की खिडकीच्या काचा थरथरतात, ती सुखोई जवळजवळ २२ मीटर लांब आणि नॅट निम्म्याहूनही कमी. किटमधलं तयार विमान साडेतेरा सेंटीमीटरच्या आसपास भरतं, तळहातावर बसतं.

इंटरनेटवर किड्यांच्या थीमची जी विमानं दिसतात त्यात बहुतेक वेळा मोठे डोळे, दात, नांगी असं काहीही चिकटवलेलं असतं, मला ते करायचं नव्हतं. खरं चिलट बघायचं आणि तेच विमानात उतरवायचं. मग दोन केळी मुद्दाम पिकू दिली, आईने तीनदा विचारलं "अरे टाकू का ती?", पण पावसाळ्यात दोन दिवसांत चिलटं जमतातच. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग होतं माझ्याकडे. त्यातून पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं हाललो नाही. अंग मधासारखं पिवळट तपकिरी, पोटावर काळे पट्टे, डोळे अगदी विटेसारखे लाल, आणि नराचं शेपटाकडचं टोक पूर्ण काळं. जेटचा पाइप जिथे जळून काळा होतो नेमकी तीच जागा! रंगाची स्कीम आयती मिळाली.

दुसरी गोष्ट, माशीच्या कुळातल्या किड्यांना पंख दोनच असतात. चतुराला चार, मधमाशीला चार, चिलटाला दोन, म्हणजे विमानाचा हिशोब तिथेच जुळतो. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गोळा, अगदी ढोलाच्या टिपरूसारख्या. त्या पंखांच्या तालावर हलत राहतात आणि अंग कुठे वळलं ते चिलटाला त्यावरून कळतं, म्हणजे विमान किती वळलं ते मोजणारा जायरो जे काम करतो ते. मी त्या टाचण्यांच्या केल्या, पंखाच्या मागच्या कडेखाली बारीक भोक पाडून बसवल्या. बघणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाहीत, पण माझ्यासाठी सगळ्या मॉडेलमधला तोच सगळ्यात लाडका भाग आहे.

आता पंख, सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला. किटचे पंख वापरले नाहीत, ते फक्त साचा म्हणून. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सवाल्याकडे ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरसाठीचं पारदर्शक प्लास्टिक, अजून मिळते, ती आणली, किटचा पंख खाली ठेवून कापली. मग भिंगातून बघत बघत दाभणाच्या टोकाने शिरा ओढल्या, चिलटाच्या पंखात पाच लांब शिरा आणि मधे दोन आडव्या असतात, तेवढ्याच काढल्या, जास्त नाही. त्या ओरखड्यांत पातळ तपकिरी ऑइल पेंट चोळायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा, रंग फक्त शिरेत राहतो. ते पहिल्यांदा पुसलं आणि शिरा उमटल्या ना, मी आईला उठवून दाखवलं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एकेरी शीट मात्र लोंबते, दोन शीट एकमेकांवर चिकटवून बुडाशी तार घातली तेव्हा ताठ राहिली. नॅटचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला असतात आणि टोकाकडे जरा खाली झुकलेले, तो झुकाव तसाच ठेवा, त्यानेच ते नॅट वाटतं.

खऱ्या चिलटाचा पंख काळ्या पार्श्वभूमीवर धरला की साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. त्यासाठी तुळशीबागेतून मोतिया चमकवाली नेलपॉलिश आणली, एकच पातळ हात. पण हे पंख विमानाला जोडायच्या आधीच करा, नेलपॉलिशचं सॉल्व्हंट शीटला काही करत नाही, किटच्या प्लास्टिकला लागलं तर ते विरघळतं.

डोळे म्हणजे कॅनॉपी. चिलटाच्या एका डोळ्यात साडेसातशेच्या वर बारीक भिंगं असतात, ती हाताने रंगवणं शक्यच नाही. लक्ष्मी रोडला लग्नाच्या ओढणीला लावतात ते नेटचं कापड मिळतं, नीट बघितलंत तर त्याची भोकं षटकोनी असतात. ते कॅनॉपीवर ताणून बसवलं, वरून गडद लाल स्प्रेचा हलका हात मारला, कापड काढलं तर खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. आतल्या बाजूने तामिया कंपनीचा पारदर्शक लाल रंग, क्लिअर रेड एक्स-२७. उजेडात धरलं की डोळा आतून पेटल्यासारखा दिसतो. मधोमध एक पट्टी अंगाच्या रंगाची ठेवली म्हणजे दोन डोळे वेगळे वाटतात.

पण हे झालं दुसऱ्या कॅनॉपीवर. पहिली मी सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी बघतो तर आतून पांढरी धुरकट, ग्लूची वाफ बसते काचेवर आणि ती काही केल्या निघत नाही. फार वाईट वाटलं, कारण जाळी छान जमली होती. काकांकडे एक फुटलेलं जुनं किट पडून होतं, त्यातली कॅनॉपी त्यांनी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. पारदर्शक पार्ट फेविकॉलनेच लावा, सुकल्यावर दिसत पण नाही.

पायांचं सांगायचं राहिलं. नॅटची एक गंमत अशी की त्याला वेगळे एअरब्रेक नव्हते, उडता उडता चाकं अर्धवट खाली सोडायची आणि त्यांच्या दारांनी वारा अडून वेग कमी व्हायचा. चिलटही बसायच्या आधी पाय खाली सोडतं! हे वाचलं तेव्हाच मॉडेल स्टँडवर आणि पाय अर्धे सोडलेले असंच करायचं ठरलं. चाकं काढून तांब्याच्या तारेचे सहा पाय केले. किड्याचे सगळे पाय छातीतून निघतात, पुढच्या चाकाची खोबण मात्र फारच पुढे येते, म्हणून ती पुट्टीने बुजवली आणि पुढची जोडी मागे घेतली. नाकावर इन्सुलिनच्या सिरिंजची सुई, तीच सोंड आणि तीच पिटो ट्यूब, म्हणजे विमानाचा वेग मोजायची नळी.

आता किटबद्दल. मोल्डिंग सुबक आहे, पॅनेलच्या रेषा बारीक आणि एकसारख्या. अंगाचे दोन भाग जोडल्यावर पाठीवर फट राहते, पुट्टी आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर लागतोच. सूचनांचा कागद फारच लहान छापलाय, पाचव्या आणि सहाव्या स्टेपचे बाण मला भिंगातून बघावे लागले. कॉकपिटमधे फक्त दोन सीट आणि दांडे, डायल डेकलवर, पण लाल डोळ्यांमागे ते झाकलंच गेलं. पहिल्यांदाच मॉडेल करणाऱ्याने हेच किट आधी सरळ, कागदावर दाखवलंय तसं करावं, पार्ट कमी आहेत, दोन रविवारी होतं.

आणि जुलै-ऑगस्टमधे पुण्यात करत असाल तर पाऊस चालू असताना स्प्रे मारू नका, दमट हवेत वरचा थर दुधाळ होतो. मी चार दिवस थांबलो, गुरुवारी दुपारी ऊन पडलं तेव्हा गच्चीत जाऊन मधासारखा रंग दिला, खाली नदीकाठाकडून ढोलाची प्रॅक्टिस ऐकू येत होती.

मॉडेल आता खिडकीत आहे, उजेडाच्या बाजूला, म्हणजे पंखातल्या शिरा दिसतात. मी परवा नेऊन काकांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून आधी त्या टाचण्या शोधल्या. दुकानात अजून दोन बॉक्स होते ह्याच किटचे, वरच्या फळीवर डावीकडे, नाही दिसले तर विचारा.