नवरीसाठी रंगीत लेन्स: मारुती मंदिरजवळचं चष्म्याचं दुकान

मी रत्नागिरीत लग्नाचे मेकअप करते. तुळशीचं लग्न उरकलं की फोन सुरू होतात, "ताई, हेझल लेन्स कुठे मिळतील?" मी सगळ्यांना मारुती मंदिरजवळच्या त्या चष्म्याच्या दुकानात पाठवते, जिथे आत डोळे तपासायची खोली आहे.

तिथे नुसती शेड बघून लेन्स हातात टेकवत नाहीत. नंबर शून्य असला तरी आधी मशीनवर बुबुळाची, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्नियाची) गोलाई मोजतात, डोळा कोरडा पडतो का बघतात आणि मगच खोकं काढतात. खोक्यावर बी.सी. (लेन्सची गोलाई) ८.६, डाया (लेन्सचा व्यास) १४.२ असे आकडे असतात ते याचसाठी. लेन्स घट्ट बसली तर बुबुळ गुदमरतं, सैल असली तर सरकत राहते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून मिळतो. ब्युटीच्या दुकानात गठ्ठ्याने मिळणाऱ्या लेन्स घेताना हे कोण बघतं?

परवा पावसकडची एक नवरी आणि तिची आई माझ्यासोबत होत्या. दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडमनी मुलीला साबणाने हात धुवायला लावले, टिश्यूने कोरडे करवले. टॉवेल नाही, त्याचे धागे लेन्सला चिकटतात. मग बोटाच्या टोकावर लेन्स ठेवून उजेडात धरली: कड वाटीसारखी उभी असेल तर सुलट, बशीसारखी बाहेर पसरली असेल तर उलटी. घालणं लवकर जमलं. काढताना मात्र घामटा निघाला. वर बघायचं, लेन्स खाली पांढऱ्या भागावर ओढायची आणि बोटांच्या पेरांनी हलकेच चिमटीत धरायची, नख लागता कामा नये. या नवरीला नेल एक्स्टेन्शन करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मग काढायला तुझ्या बहिणीला शिकवते, तिला घेऊन ये. त्याशिवाय मी लेन्स देणार नाही." गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण हे शिकवल्याशिवाय त्या सोडत नाहीत.

आईने विचारलं, "सोल्यूशन संपलं तर पाण्यात ठेवली तर चालेल ना? आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे हो."

"काकू, प्यायला कितीही गोडं असू दे, लेन्सला नको. विहीर, नळ, समुद्र, सगळ्या पाण्यात अकँथामीबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, नजर जाऊ शकते." लग्नानंतर गणपतीपुळ्याला दर्शन आणि समुद्रात डुंबणं ठरलेलं होतं, तेव्हा लेन्स काढून जायचं, हेही तिथेच सांगून झालं.

डबीतलं जुनं सोल्यूशन रोज ओतून टाकायचं, त्यावर नवं भरायचं नाही. डबी तीन महिन्यांनी बदलायची. रिकामी डबी बाथरूममध्ये ठेवायची नाही; आपल्याकडे पावसाळ्यात तिथे काही वाळतच नाही. हे सगळं टाळायचं तर एका दिवसाच्या, घालून टाकून द्यायच्या लेन्स घ्या, असा त्यांचा सल्ला. नवरीसाठी मलाही तेच पटतं.

माझ्या कामातलं थोडं: लेन्स आधी, मेकअप नंतर. रात्री आधी लेन्स काढा, मग मेकअप. हेअरस्प्रे लेन्स घालायच्या आधी. होमाच्या धुराने डोळे चुरचुरले तरी चोळू नका. लेन्सचा मधला पारदर्शक भाग ठरावीक मापाचा असतो, अंधारात बाहुली त्यापेक्षा मोठी होते आणि समोरच्या दिव्यांची तिरीप पसरते. म्हणून ती घालून रात्री गाडी चालवू नका. आणि कितीही दमलात तरी लेन्स घालून झोपू नका, संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेनासा झाला तर लेन्स काढून डबीत ठेवा आणि डबीसकट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना ती तपासता येते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका.

दुकानाच्या उण्या बाजू: शेड मोजक्याच, एका दिवसाच्या तर त्याहून कमी. ग्रे हवी तर मागवावी लागते. भाव बाजारापेक्षा चढा. दुपारी दुकान बंद असतं, त्यामुळे गावाहून येणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी. लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी जा, म्हणजे घरी तास-दोन तास घालून बघायला वेळ मिळतो.