सामन्याला दोन पंच की तीन?

बास्केटबॉलच्या प्रादेशिक पंच संघटनेत नेमणुकांची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच सामन्याला दोन पंच द्यायचे की तीन, हे ठरवावे लागते. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार मुख्य पंचासोबत एक किंवा दोन पंच असू शकतात, त्यामुळे दोन्ही पद्धती वैध आहेत.

दोन पंचांच्या पद्धतीत खर्च कमी येतो आणि माणसे पुरतात. दिवसाला ८ सामने असतील, तर १६ नेमणुकांत काम भागते. तीन पंचांसाठी २४ लागतात. मात्र २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानावर एक पंच बास्केटमागच्या रेषेपाशी आणि दुसरा मागे उभा राहिला, की चेंडूपासून दूर होणारी ढकलाढकली अनेकदा कोणाच्याच नजरेस पडत नाही. तिसरा पंच नेमकी तीच बाजू सांभाळतो. शिवाय प्रत्येकाची धावपळ कमी झाल्याने दिवसातील शेवटच्या सामन्यातही निर्णयांचा दर्जा टिकतो आणि नवोदिताला दोन अनुभवी पंचांसोबत उभे करता येते. हा लाभ हिशेबवहीत कधी दिसत नाही.

तथापि, तीन पंचांची पद्धत अर्धवट शिकवून राबवणे सर्वांत वाईट, कारण चेंडूची बाजू बदलताच कोणी कुठे सरकायचे हे ठाऊक नसलेले तिघे सरावलेल्या दोघांपेक्षा जास्त गोंधळ घालतात. म्हणून शालेय सामन्यांना आणि प्राथमिक फेऱ्यांना दोन पंच ठेवून उपांत्य फेरीपासून तीन देणे मला अधिक योग्य वाटते, मात्र त्या तिघांनी आधी एकत्र काम केलेले असावे.