अक्कलकोट रोडचं बिनपाटीचं गॅरेज: आधी मोजतात, मग खोलतात

जुनी ॲम्बॅसिडर, फियाट नाहीतर जीप बाळगणाऱ्या सोलापूरकरांसाठी लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे, मेन रोड सोडून आतल्या गल्लीत हे गॅरेज आहे. पाटी नाही. चाचांचं गॅरेज म्हटलं की कोपऱ्यावरचा चहावाला दाखवतो. बसायला एक मोडका बाक, त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी कार्बोरेटर बसलेला असतो.

माझी गाडी १९७३ ची ॲम्बॅसिडर मार्क टू, पेट्रोल. तुळजापूरच्या साधारण ४५ किलोमीटरच्या वाटेला मीटर ४२ च दाखवायचा. मोबाईलवर ८० चा वेग असला की काटा ७५ वर. स्पीडोमीटर सहसा थोडं चढवूनच दाखवतात, हा उतरवून दाखवत होता. त्यात घाटात टॉपला दम कमी आणि सपाटीला इंजिन मात्र निवांत. आधीच्या कुठल्या तरी मालकाने मागचं क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टचा फेरा मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, बदललं असणार, असा माझा संशय.

आधी शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजात गाडी दाखवली होती. त्यांनी मागची दोन्ही चाकं उचलली आणि एक चाक फिरवलं. दुसरं उलटं फिरलं आणि गियरबॉक्सकडून मागे येणारा शाफ्ट जागचा हलेना. लगेच निदान: डिफ्रन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) गेलंय, अख्खा सेट टाका. अहो, दोन्ही चाकं मोकळी असली की चांगलं डिफ्रन्शियलसुद्धा हेच करतं! मी गाडी काढून घेतली.

चाचांना हे सांगितलं तर नुसते हसले. "मालक, खोलायची घाई कशाला? आधी मोजू की." पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ओंडके लावले, कारण ॲम्बॅसिडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मोजायला तो सोडावाच लागतो. गियर न्यूट्रल. मागचं फक्त डावं चाक जॅकवर, खाली आधाराला घोडी. उजवं जमिनीवर टेकलेलं. शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) खडूची एक रेघ, तिच्यासमोर न फिरणाऱ्या हाउसिंगवर दुसरी, टायरवर व्हॉल्व्हपाशी तिसरी.

एक चाक अडकलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे केले की क्राउनचा एक फेरा होतो. मग तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला, तोच रेशो. दोन फेऱ्यांत शाफ्ट साडेचारच्या किंचित पुढे गेला. बहुतेक मेकॅनिक इथेच "साडेचार" म्हणून हात पुसतील. चाचांनी मात्र पोराला गाडीखाली घातलं आणि मला चाकाशी उभं केलं. "फिरवा मालक, एकाच अंगानं. मागं घेऊ नका, नाहीतर दातांमधला लॅश, म्हणजे ढिलेपणा, मोजला जातोय."

चाकाचे १६ फेरे, म्हणजे क्राउनचे ८, झाले. ॲम्बॅसिडर जिच्यावरून आली त्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ चा रेशो ४.८७५, म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राउनला ३९. तो असता तर शाफ्टचे बरोबर ३९ फेरे भरून खडूची रेघ रेघेला लागली असती. झाले ३६ आणि वर अर्ध्याला थोडे कमी. "अजून दोन घ्या." १८ व्या फेऱ्याला, म्हणजे क्राउनच्या ९ व्या, पोरगं खालून ओरडलं, "एक्केचाळीस! रेघेला रेघ!" म्हणजे ९ ला ४१, रेशो ४.५५६. एक बोल्ट न सोडता दातसुद्धा कळले.

माझा टॉवेलचा कारखाना आहे. मागावर पीक (कापडातल्या आडव्या धाग्यांची दाटी) बदलायचं तर चेंज व्हील हे दातेरी चाक बदलतात, आणि दात मोजल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. गाडीच्या धंद्यात ही शिस्त इतकी दुर्मीळ का, देव जाणे.

आता सगळा हिशोब जुळला. मीटरची केबल गियरबॉक्समधून येते, त्याला मागचा रेशो बदलल्याचं कळत नाही. ४.८७५ च्या मीटरवर ४५ किलोमीटरचे ४२ च दिसणार. म्हणजे ज्या ॲव्हरेजवरून घरी बोलणी खात होतो, तेही खरं तर दहाला पावणेअकराच्या आसपास होतं! माझ्या टायरचा एक फेरा सुमारे २.०५ मीटर भरतो. त्या हिशोबाने ८० च्या वेगाला जुन्या रेशोवर इंजिन मिनिटाला ३१७० फेऱ्यांच्या आसपास फिरलं असतं, आता २९६० ला भागतंय. टॉप गियर एकास एक असलेल्या चार गियरच्या गाडीला हायवेवर ही दोनशेची सूट चांगलीच जाणवते. घाटात थर्ड थोडा लवकर घ्यावा लागतो, एवढंच.

मी जुना सेट शोधू का विचारलं. चाचांनीच अडवलं. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात. भंगारातून एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन आणलं की गाडी रडायला लागते. आहे तो सेट गप्प चालतोय, तर त्याला छेडू नका, म्हणाले. नवा सेट गळ्यात मारून चार पैसे कमावायची संधी होती. घेतले ३०० रुपये, त्यात ॲक्सलचं तेलही तपासून दिलं.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. वेळ सांगितली की तासभर पुढे धरून चला. बिल मागितलं तर सिगरेटच्या पाकिटामागे लिहून दिलं, त्यावर तारीखसुद्धा नाही. नव्या सेन्सरवाल्या गाड्यांना ते हात लावत नाहीत, तेव्हा त्या घेऊन जाऊ नका. शुक्रवारी दुपारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर हात मोकळा असतो. आणि जुने कपडे घालून जा, चाक तुम्हालाच फिरवायला लावतील.