वरच्या खोलीतले इंटरनेट आणि गेलेले ६,२०० रुपये

इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसमध्ये फायबरची जोडणी खालच्या दिवाणखान्यात आहे, आणि मुलगी घरून काम करते ती वरच्या मागच्या खोलीत. मध्ये स्लॅब आणि दोन भिंती असल्याने तिथे वायफाय जेमतेम पोहोचते. तिच्या मीटिंगा रोज तुटू लागल्या, तेव्हा इंटरनेट कंपनीकडे रीतसर मागणी नोंदवून दोन-चार दिवस थांबण्याऐवजी मी मीटरच्या पेटीवर कोणीतरी चिकटवलेल्या 'फायबर शिफ्टिंग, वायफाय एक्स्टेन्शन' या स्टिकरवरील क्रमांकावर फोन केला.

आलेल्या तरुणाचा टी-शर्ट आमच्या कंपनीच्याच रंगाचा होता. गळ्यात ओळखपत्र नव्हते आणि मी ते विचारलेही नाही. "काका, फायबरला स्प्लिटर टाकून वर दुसरा बॉक्स बसवतो, दोन्हीकडे फुल स्पीड," असे सांगून त्याने ३,९०० रुपये ठरवले. स्प्लिटर म्हणजे एका तारेतला प्रकाश दोन वाटांना विभागणारा जोड, आणि बॉक्स म्हणजे त्या प्रकाशाचे इंटरनेट करणारे यंत्र. वरच्या बॉक्सवर लाल दिवा लागला नाही, 'पॉन' लिहिलेला, कंपनीच्या यंत्रणेशी जोडणी झाली की नाही हे दाखवणारा हिरवा दिवा मात्र लुकलुकत राहिला. लाल दिवा नाही म्हणजे लाईन आली, सर्व्हरवर नोंद व्हायला रात्रीचे बारा वाजतील, असे म्हणून तो यूपीआयने पैसे घेऊन गेला. पैसे ज्या नावावर गेले ते त्याने सांगितलेले नाव नव्हते, हेही मी नंतर पाहिले. साडेबारापर्यंत मी त्या दिव्याकडे बघत बसलो होतो.

त्याच्या बोलण्यात अर्धे खरे होते, म्हणूनच ते पटले. लाल दिवा न लागणे याचा अर्थ तारेतून प्रकाश येतो आहे, एवढाच. कंपनीच्या यंत्रणेत प्रत्येक ग्राहकाच्या बॉक्सचा अनुक्रमांक नोंदलेला असतो आणि नोंद नसलेला बॉक्स कितीही वेळ लुकलुकला तरी इंटरनेट देत नाही. एका जोडणीवर घरच्या घरी स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालत नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, "सर्व्हर घेत नाहीये" म्हणाला, आणि बॉक्सचे पैसे नंतर वळते करतो असे सांगून खालच्या राऊटरपासून वरपर्यंत लॅन केबल ओढून गेला: 'शुद्ध तांब्याची कॅट ६', ४५ रुपये मीटरने ३० मीटर, शिवाय मजुरी ९५०. एकदा फसल्यावर त्याच माणसाला पुन्हा घरात का घेतले, हे मुलीने विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. वर इंटरनेट सुरू झाले खरे, पण आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असून वेग ९४ च्या पुढे कधी जाईना, आणि खालचे इंटरनेटही अधूनमधून बंद पडू लागले.

शेवटी कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ आला. त्याने प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजणारा पॉवर मीटर लावला: भिंतीतून येणाऱ्या तारेवर उणे २२ डीबीएम, स्प्लिटरनंतर उणे २६; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. तीन डीबी घटले की प्रकाश निम्मा होतो, आणि बॉक्स साधारण उणे २७-२८ च्या पलीकडे टिकत नाही, हे त्याने समजावले. दोन वाटांना फुटलेल्या प्रकाशातील एक वाट त्या निकामी बॉक्सकडे जात होती आणि आमचे चालते इंटरनेट कडेलोटाला येऊन ठेपले होते. त्याने स्प्लिटर काढून जुनी पॅच कॉर्ड, म्हणजे भिंतीपासून बॉक्सपर्यंतची छोटी जोडतार, सरळ लावली, तेवढ्यावर खालचा प्रश्न मिटला.

मग त्याने केबलचे टोक कापले. आत आठ तारा होत्या, पण जॅकमध्ये चारच बसवल्या होत्या. चार तारांवर १०० एमबीपीएसपर्यंतच वेग मिळतो, पुढे जायला आठही लागतात, म्हणून तो ९४ चा आकडा. त्यानंतर त्याने एक तार ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि खाली पांढरे ॲल्युमिनियम चकाकले. खऱ्या तांब्याची तार कितीही खरवडली तरी आत तांबूसच असते. हे तपासायला अर्धा मिनिट आणि स्वयंपाकघरातली सुरीदेखील पुरते, त्यामुळे केबल भिंतीवर ठोकण्याआधीच तुकडा कापून पाहावा. जोडणी झाल्यावर केबल लॅपटॉपला लावून त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो की १००, हे पैसे देण्यापूर्वी बघावे.

आता वर आठ तारांची तांब्याची केबल आणि तिच्या टोकाला साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेले इंटरनेट वायफायने पसरवण्यापुरता, लावला आहे. त्या तरुणाचा फोन बंद येतो. पक्के बिल नसल्याने माझी बाजू लंगडी आहे, तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, स्टिकरचा फोटो व त्या केबलचा खरवडलेला फूटभर तुकडा एका पाकिटात जपून ठेवला आहे.