‘मोशन’ सांगून कॅमेरे गळ्यात मारले

उन्हाळ्यात घराला कुलूप लावून गावी जायची वेळ आली की नागपुरात कॅमेरे बसवायची घाई होते. मनीषनगरातलं एक कुटुंब याच घाईत फसलं. बिलावर ४ कॅमेरे, ‘माणूस ओळखणारे, पीआयआर सेन्सरसह’ (म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर), आणि १ टीबी डिस्कवर ३० दिवसांचं रेकॉर्डिंग. बसवणाऱ्याने कॅमेऱ्यापुढे हात हलवला, मोबाइल वाजला, पैसे चुकते झाले. पुढे अंगणातली पाण्याची मोटार चोरीला गेली, तेव्हा त्या रात्रीचं रेकॉर्डिंगच सापडलं नाही.

हात हलवून दाखवण्याला काही अर्थ नाही. साधा कॅमेरा लागोपाठच्या चित्रांतला फरक मोजतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बदलले की सूचना पाठवतो; यालाच ‘मोशन’ म्हणतात. कडुनिंबाची सावली, कुलरच्या वाऱ्याने उडणारा पडदा, रात्री इन्फ्रारेड दिव्यांभोवती जमणारे किडे, लेन्सवरचं कोळ्याचं जाळं, त्याला सगळं सारखंच. इथे तेच झालं. मोबाइल दिवसरात्र वाजायला लागला. तक्रार केल्यावर बसवणाऱ्याने सेन्सिटिव्हिटी तळाला नेली आणि सूचना बंद झाल्या. रेकॉर्डिंगसुद्धा त्याच मोशनवर लावलंय, म्हणजे हालचाल कळली तरच होतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. लांबून, अंधारातून येणारा माणूस चित्रात एवढासा दिसतो, मोजकेच पिक्सेल बदलतात. डीव्हीआरने, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याने, नोंदच घेतली नाही.

मोशनवर का लावलं, तर ३० दिवसांचा आकडा दाखवायला. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) अखंड चालला तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबी जेमतेम ११ दिवस पुरते. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, ही अट विकताना लपवणं सरळसरळ लबाडी आहे.

आणि पीआयआर? कॅमेऱ्याखाली नुसता पांढरा प्लास्टिकचा घुमट होता. खरा पीआयआर उष्णतेतला बदल टिपतो आणि खिडकीची काच ती उष्णता अडवते. ॲपमध्ये फक्त पीआयआर चालू ठेवून काचेआडून चाला. तरी सूचना आली तर ती चित्रावरून आलीय. खरा असला तरी मे महिन्यात त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पारा ४५ अंशांवर गेला की भिंती अंगाएवढ्या तापतात, माणूस वेगळा उठून दिसत नाही. शिवाय सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला चांगला कळतो, म्हणून कॅमेरा वाटेच्या बाजूला लावायचा.

पैसे देण्याआधी रात्री दिवे मालवून एकाला फाटकापासून दारापर्यंत चालवा, मग पुन्हा भिंतीच्या कडेने. मोबाइलवरची सूचना नव्हे, डीव्हीआरमधलं प्लेबॅक बघा. माणूस दिसण्याच्या आधीचे ५ ते १० सेकंद त्यात असायला हवेत. मग दोरीला खोकं बांधून हलवा; ‘माणूस ओळखणारा’ कॅमेरा गप्प राहिला पाहिजे. मोशनच्या चौकटीतून रस्ता आणि झाड वगळा, फाटकाचा कॅमेरा तरी अखंड रेकॉर्डिंगवर ठेवा. डिस्कच्या ‘स्मार्ट’ माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदीत, चालू राहिल्याचे तास दिसतात. नव्या डिस्कवर हजारो तास असतील तर ती जुनी आहे. ॲडमिन पासवर्ड स्वतः बदला.

मॉडेल नंबर आणि दिलेलं प्रत्येक आश्वासन जीएसटी बिलावर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी डीव्हीआरचा लॉग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. सेटिंग केव्हा बदलली याची नोंद बहुतेक डीव्हीआरमध्ये राहते, आणि ‘दुरुस्ती’ला आलेला माणूस रीसेट करून तीच आधी पुसतो.