समुद्री शेवाळ की मीठ-भाजी-जवस? विदर्भातल्या घरासाठी तुलना

थायरॉइड सुधारतो, रक्त वाढतं, कॅल्शियम, ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन बी-१२ मिळतं असे दावे करून समुद्री शेवाळ विकलं जातं. ते घ्यावं की नाही हे ठरवायचं असेल, तर आधी मिठाचा डबा पाहा. शेवाळाची खरी ताकद आयोडीनमध्ये आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि ताजी समुद्री मासळी खेड्यात क्वचितच येते. त्यामुळे आपल्या घरात आयोडीन येतं ते मुख्यतः मिठातून.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५० पर्यंत. घरी पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलीग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. शिजवताना थोडं उडतं, पण कारखान्यातून निघताना प्रमाण याहून जास्त ठेवलेलं असतं. त्यामुळे गरज भागवायला मीठ वाढवावं लागत नाही. किलोचा पुडा पंचवीस-तीस रुपयांत मिळतो.

आता शेवाळ बघू. ‘सुशी’ या जपानी भाताच्या पदार्थाभोवती गुंडाळतात तो नोरी शेवाळाचा काळा कागद अडीच-तीन ग्रॅमचा असतो. त्यातून साधारण ४० ते १२० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं. हे ठीक आहे. केल्प या मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाची गोष्ट मात्र वेगळी. कोंबू जातीच्या केल्पच्या एकाच ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं, आणि अमेरिकेत मोठ्या माणसासाठी सांगितलेली वरची मर्यादा दिवसाला ११०० आहे. ‘थायरॉइडसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केल्पच्या गोळ्यांची मला म्हणूनच भीती वाटते. आयोडीन कमी पडलं तर थायरॉइड बिघडतो, तसा जास्त झालं तरी बिघडतो. थायरॉइडची गोळी चालू असेल, घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या आणूच नका.

मग आयोडीन कमी पडतं कोणाला? जाडं मीठ वापरणाऱ्यांना, आणि बीपीला बरं म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव आणलेल्यांना. सैंधवात सोडियम जवळपास साध्या मिठाइतकंच असतं, आयोडीन मात्र बहुतेक वेळा टाकलेलं नसतं. अशा घरांना माझा सल्ला साधा आहे: शेवाळ मागवण्याआधी हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेला पुडा आणा, झाकणाच्या डब्यात चुलीपासून दूर ठेवा आणि भाजीत शेवटी घाला. आशाताईंकडे तपासणीचं किट असेल तर मिठावर थेंब टाकून दाखवायला सांगा. आयोडीन असलं की मीठ जांभळं-निळं होतं.

‘रक्त वाढतं’ हा दुसरा दावा. यात आकड्यांची मोठी गफलत होते. शेवाळाचे तक्ते १०० ग्रॅम सुक्या वजनाचे असतात, आणि १०० ग्रॅम सुकं शेवाळ एका दिवसात कोणी खात नाही. नोरीच्या एका कागदातून अर्धा मिलीग्रॅमही लोह मिळत नाही. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत त्याच्या दहापट तरी असतं. ज्वारीतलं लोह अंगी कमी लागतं हे खरं, पण त्याला उपाय आहे. सोबत लिंबू घ्या, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा घ्या, पावसाळ्यात तरोट्याची भाजी करा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना एक गोष्ट कळकळीने सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण कारण दरवेळी लोहाची कमतरता नसते. म्हणून रक्तवाढीची कोणतीही पावडर किंवा गोळी सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या. भाजी-भाकरीला ही अट नाही.

कॅल्शियममध्ये शेवगा सरळ पुढे आहे. त्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि झाड बांधावर फुकट उभं असतं. तिळात तर त्याहून कितीतरी जास्त. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी पुरेशी आहे, कारण जवसाच्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग त्याच प्रकारच्या स्निग्धाचा असतो. शेवाळात मुळात स्निग्धच फार थोडं. पण जवस कुटून खायचा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

बी-१२ च्या बाबतीत नोरीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. वनस्पतींमधून बी-१२ क्वचितच मिळतं; नोरीत ते आढळतं, पण त्यातलं किती अंगी लागतं याबद्दल अभ्यासांत एकमत नाही. दूध-दहीही न घेणाऱ्याने, परवडत असेल तर, नोरी खायला हरकत नाही, पण बी-१२ साठी तिच्यावर विसंबू नये; गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. अंडी, दूध किंवा बाजारातली सुकट घरात चालत असेल तर मला तिची गरज वाटत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर मात्र आहारावर विसंबू नका, रक्त तपासा.

स्पिरुलिना या हिरव्या-निळ्या सूक्ष्म शेवाळाची पावडर विकणारे तिलाही समुद्री शेवाळ म्हणतात. ती समुद्रातली नव्हेच. ती खाऱ्या-अल्कधर्मी पाण्यात वाढते, आपल्या लोणारच्या सरोवरातही आढळते. प्रथिनं भरपूर, सुक्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पण तिच्यातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या उपयोगाचं नसतं, आणि चमचाभर पावडरीतून मिळणारी प्रथिनं वाटीभर वरणातूनही मिळतात.

फालुद्यातलं चायना ग्रास हेही समुद्री शेवाळच. त्यातून मिळतो तो मुख्यतः तंतू, तेव्हा खायचं तर आवडीने खा. सोयाबीन-कपाशीवर फवारतात ते ‘सागरिका’ नावाचं टॉनिक शेवाळाच्या अर्काचं असलं तरी पिकासाठीच आहे, पोटात घ्यायचं नाही.

तरीही शेवाळ चाखायचंच असेल तर नोरी घ्या. हिजिकी नावाची जात टाळा, तिच्यात घातक प्रकारचं आर्सेनिक जास्त असतं आणि ब्रिटनच्या अन्न विभागानेही ती खाऊ नका असं सांगितलं आहे. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर शेवाळातलं व्हिटॅमिन के तिचा परिणाम कमी करू शकतं, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. पाकिटावर शेवाळाची जात आणि आयोडीनचं प्रमाण छापलेलं नसेल, तर कितीही सवलत असली तरी ते पाकीट परत करा.